पत्रिका न बघणारा सर्व्हर

अनिश शेटेला महाडच्या बाजारपेठेत कोणी "काय, बरं आहे ना?" असं विचारत नसे, कारण तो सांगत असे. बाकी सगळं गाव "बरं आहे" म्हणून पुढे जातं. अनिश थांबायचा. डावा गुडघा दुखतो, तो कशामुळे, त्यावर कोणतं मलम चाललं नाही आणि त्या मलमाच्या खोक्यावर काय काय खोटं छापलं होतं, एवढं सांगून झालं की मग तो म्हणायचा, "आणि तुमचं?" तोवर विचारणारा बस पकडायला धावलेला असे, मग त्याला कुठे जायचं असो वा नसो.

नेमकं कारण सांगणं हा अनिशचा धर्म होता. लोणेऱ्याला इंजिनिअर होऊन तो पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागला. तिथे एका गिऱ्हाइकाने फोनवर विचारलं, काम का लांबलं? अशा वेळी "तांत्रिक अडचण" म्हणायचं असतं, हे कंपनीतल्या चहावाल्यालाही ठाऊक होतं. अनिश म्हणाला, "आमच्या साहेबांना तुमचं काम अजून कळलेलं नाही." साहेब शेजारीच बसले होते. २००४ च्या दिवाळीला अनिश महाडला आला तो कायमचा.

घरी वडील श्रीधरपंत. उभा जन्म कोर्टात कारकुनी करून लोकांचं खरंखोटं एवढं ऐकलेलं, की निवृत्त झाल्यावर त्यांनी बोलणंच बंद केलं होतं. त्यांच्या वाट्याचं बोलणं आई चंद्रभागाबाई बोलत. आणि दोघांच्या वाट्याचं खरं अनिश बोलत असे.

कापडाच्या दुकानावर खोली घेऊन त्याने संगणकाचा क्लास काढला. त्याचं पहिलं मोठं काम आलं ते गोदावरीबाईंचं. गोदावरीबाई निवृत्त मुख्याध्यापिका, चवदार तळ्याच्या अलीकडे राहणाऱ्या. पुढच्या खोलीत 'मंगलयोग वधू-वर सूचक मंडळ' चालवायच्या. महाड आणि पोलादपूरमधली निम्मी लग्नं त्यांनी जमवलेली आणि उरलेली निम्मी त्यांनी वेळेवर थांबवलेली.

आमच्याकडे नकाराला कारण नसतं, पत्रिका असते. मुलगा आवडला नाही, पत्रिका जुळत नाही. मुलीच्या बापाने चहात साखर कमी घातली, पत्रिका जुळत नाही. दोघांच्याही पत्रिका कुणी काढलेल्याच नाहीत, तरी जुळत नाहीत. ऐकणाराही मान डोलावतो, कारण मागच्या महिन्यात त्याने स्वतः दुसरीकडे हेच सांगितलेलं असतं. खरं कारण काय ते फक्त गोदावरीबाईंना कळायचं. लोक त्यांच्या कानात सांगत आणि त्यांच्या कानातून ते कधी बाहेर पडत नसे.

मंडळाची एक शाखा पोलादपूरला होती. ती कुशाबाच्या दुकानात. कुशाबा उमरठचा. ऐन उमेदीची वर्षं मुंबईच्या गोदीत काढून परत आलेला. क्रेनवरच्या माणसाला ऐकू जावं म्हणून कमावलेला आवाज त्याने तसाच गावी आणला होता. पोलादपूरच्या स्टँडसमोर त्याचं फोन, झेरॉक्स आणि इंटरनेटचं दुकान होतं. पोलादपूरच्या माणसाने तिथे चौकशी टाकायची, गोदावरीबाई इकडे त्या स्थळाच्या घरी फोन करून होकार-नकार विचारणार, तो आपल्या संगणकात भरणार, आणि दुसऱ्या दिवशी कुशाबाने त्याच्या पडद्यावर उत्तर बघायचं, अशी व्यवस्था अनिशने २००६ साली बसवून दिली.

दोन गावचे दोन संगणक एकमेकांना पाकिटात घालून निरोप पाठवणार होते. या पद्धतीला सोप म्हणतात. "साबण का रे?" हे गोदावरीबाईंनी विचारलं, क्लासमधल्या पोरांनी विचारलं, बँकेतल्या शिपायानेही विचारलं. अनिशने प्रत्येकाला मनापासून समजावलं की नाही, साबण नाही.

होकार असला की पत्ता जायचा. नकार असला की महाडचा प्रोग्रॅम एक्सेप्शन फेकायचा. फेकायचा म्हणजे काम तिथेच टाकून ओरडायचा. आता ओरडण्यासाठी तयार एक्सेप्शन भरपूर मिळतात, पण अनिशने स्वतःची बनवली होती. स्थळ ठरलं असेल तर एक, वयाची अट असेल तर एक, फोटो हवा असेल तर एक, आणि बाकी सगळ्यासाठी 'इतर'. या 'इतर'मध्ये गोदावरीबाईंनी कारण ऐकलं तसं लिहायचं. "बाई, संगणकाला खोटं सांगायचं नाही," असं त्याने बजावलं होतं. बाईंनी पस्तीस वर्षं पोरांना हेच सांगितलेलं असल्यामुळे त्यांनी ते पाळलं. त्या बदल्यात अनिशने शब्द दिला होता की त्या कप्प्यातली कारणं तो स्वतः कधी उघडून वाचणार नाही.

पण त्या एक्सेप्शनांचं तेज महाडच्या हद्दीपुरतंच होतं. त्या पाकिटात एक्सेप्शन तसंच्या तसं जात नाही. गाडी पंक्चर झालेली असो, ड्रायव्हर जेवायला बसलेला असो की घाटात म्हैस आडवी आलेली असो, स्टँडवर जसं एकच ऐकू येतं, "गाडी लेट आहे," तसं पोलादपूरच्या पडद्यावर एकच इंग्रजी वाक्य उमटायचं: सर्व्हर वॉज अनेबल टू प्रोसेस रिक्वेस्ट.

"ह्याचा अर्थ काय, अनिशभाऊ?" कुशाबाने पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

अनिश टेबलाखाली वायर जोडत होता. "तिकडून जमत नाही म्हणतायत."

"म्हंजे पत्रिका जुळत नाय," कुशाबा म्हणाला, आणि तेव्हापासून त्या इंग्रजी वाक्याचं पोलादपुरात हेच मराठी झालं. नकार आला, पत्रिका जुळत नाय. वीज गेली, पत्रिका जुळत नाय. एकदा महाडची टेलिफोनची लाईन दिवसभर बंद होती, तेव्हा एका सरळमार्गी मुलाची मंडळातल्या झाडून सगळ्या मुलींशी पत्रिका जुळेना. त्याच्या आईने ग्रहांची शांत करून घेतली.

आता अस्मिता.

अस्मिता पोलादपूरच्या शाळेत शिक्षिका. वडिलांचं लोखंडी सामानाचं दुकान. शिक्षकांना संगणक शिकणं सक्तीचं झालं आणि अनिश आठवड्यातून दोनदा पोलादपूरला शिकवायला जाऊ लागला. पहिल्या तासाला त्याने विचारलं, "कुणाला काही अडचण?" सगळ्यांनी वहीत डोकं घातलं. अस्मिता उभी राहिली. "सर, तुम्ही शिकवता चांगलं, पण फळ्याला शिकवता. आम्ही इकडे आहोत."

अनिशला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी नेमकी चूक सांगितली होती. तो तिथेच संपला.

पुढे जे झालं ते एसटीच्या थांब्यावर, खडूच्या धुळीत आणि अतिशय सभ्यपणे झालं. दोघांनी ठरवलं की रीतसर जाऊ. तिच्या वडिलांनी कुशाबाकडे चौकशी टाकायची, महाडहून होकार येणार, पोहे होणार, सगळे खूश. अनिशने घरी नुसती वातावरणनिर्मिती केली. जेवताना म्हणाला, "आई, पोलादपूरला एक मुलगी आहे. अस्मिता. काय बोलते! समोर कोण आहे बघत नाही, तोंडावर सांगते." चंद्रभागाबाईंनी आमटी वाढली आणि काही बोलल्या नाहीत. त्या काही बोलल्या नाहीत, याचाच अर्थ त्याने विचारायला हवा होता.

चौकशी गेली. उत्तर आलं. कुशाबाने अस्मिताच्या वडिलांना सांगितलं, "पत्रिका जुळत नाय."

पुढच्या तासाला अस्मिता शेवटच्या बाकावर बसली आणि तासभर फळ्याकडे बघत राहिली. अनिशने थांब्यावर गाठलं तेव्हा म्हणाली, "सर, नकार द्यायचा होता तर स्वतः द्यायचा. पत्रिकेमागे लपायचं काय? तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"पत्रिका?" अनिश म्हणाला. "माझा प्रोग्रॅम पत्रिका बघतच नाही. तो कोड मी लिहिलेलाच नाही. माझा त्यावर विश्वास नाही. तो सर्व्हर असं बोलूच शकत नाही."

"मुलीला नकार कळवल्यावर मुलं रडतात, पळतात, तोंड लपवतात. इतकं तांत्रिक झालेलं मी पहिल्यांदा बघतेय."

"मला थोडा वेळ द्या. दोष कुठे आहे तो शोधतो."

"शोधा. बाबा येत्या रविवारी खेडला चाललेत. पेट्रोल पंपवाल्यांचं स्थळ आहे. त्यांची पत्रिका कशीही असली तरी जुळते म्हणे."

अनिश थेट गोदावरीबाईंकडे गेला. बाई पडद्यासमोर बसून कुणाचं तरी वय भरत होत्या.

"बाई, माझ्या घरून नकार गेला?"

"गेला."

"कुणी दिला? कारण काय?"

"विश्वासाने सांगितलेलं कारण मी सांगत नाही, अनिश. तुला म्हणून काय वेगळं? तू तिथे उमेदवार आहेस."

"मग पोलादपूरला काय कळवलं?"

"मी काय कळवणार? ते तुझं यंत्र कळवतं. आणि त्या यंत्राचंही एकदा बघ. एकच माणूस एकाच मुलीबद्दल चार-चारदा विचारतो. मुलीचं लग्न होऊन तिला पोर झालं तरी कुशाबाकडून चौकशी चालूच. अरे, कारण पोचू दे की त्यांच्यापर्यंत."

बाईंच्या मनात होतं 'स्थळ ठरलं' वगैरे. अनिशने ऐकलं एवढंच, की कारण पोचू दे. त्याला आज्ञा मिळाली होती. दिलेला शब्द मोडायचा नव्हता. कप्पा तो उघडणार नव्हता. तो फक्त त्या कप्प्यापासून पोलादपूरपर्यंत रस्ता बांधणार होता.

पहिला प्रयत्न घाईचा झाला. त्याने महाडच्या प्रोग्रॅमला सांगितलं, जे काय घडेल ते सगळं पाठव. प्रोग्रॅमने सगळं पाठवलं. फायलींची नावं, फोल्डरांचे पत्ते, कुठल्या ओळीत अडलं ते. कुशाबाने समोरच्या गृहस्थाला सांगितलं, "तुमचं पोरगं दोनशे चौदाव्या ओळीत हाय." गृहस्थ म्हणाले, "नंबर कधी लागेल?"

मग अनिशने नीट केलं. नकार जातो त्या पाकिटात 'डिटेल' नावाचा एक कप्पा असतो, आणि तो बहुतेक लोक रिकामाच पाठवतात. महाडच्या प्रोग्रॅमने आपलं एक्सेप्शन दारातच पकडायचं, त्याची जात कोणती आणि कारण काय एवढंच त्या कप्प्यात लिहायचं. पोलादपूरच्या प्रोग्रॅमने पाकीट उघडून ते वाचायचं, तिकडे तसंच एक्सेप्शन पुन्हा उभं करायचं आणि मग त्याचं काय करायचं ते ठरवायचं. अनिश क्लासमधल्या पोरांना सांगायचा, "नुसतं जमत नाही म्हटलं तर माणूस हात टेकतो. का जमत नाही ते कळलं तर काहीतरी करतो." पोरांनी हे वहीत उतरवून घेतलं होतं आणि परीक्षेत कुणी लिहिलं नव्हतं.

नवीन प्रोग्रॅम घेऊन अनिश पोलादपूरला गेला तो बाजाराचा दिवस होता. कुशाबाच्या दुकानात भाजीच्या पिशव्या, कोंबड्या आणि उपवरांचे नातेवाईक एकत्र बसले होते. अनिशने प्रोग्रॅम बसवला आणि कोपऱ्यात स्टुलावर बसला.

कुशाबाने पहिलं उत्तर उघडलं. पडद्यावर चक्क मराठी. इतके महिने इंग्रजी बघितलेल्या कुशाबाला भरून आलं आणि त्याने गोदीच्या आवाजात वाचलं, "मुलगा फोटोत उंच दिसतो, कारण पायरीवर उभा आहे."

मुलाचे वडील म्हणाले, "पायरी दिसते का रे फोटोत?"

"नीट बघितलं की दिसते."

"मग दुसरा काढतो." आणि ते उठून फोटोवाल्याकडे गेले. तो मुलगा पुढे जमिनीवर उभा राहून काढलेल्या फोटोवर जमला, हे इथेच सांगून टाकतो. अनिशने स्टुलावर बसल्या बसल्या मांडीवर थाप मारली. का जमत नाही ते कळलं आणि माणसाने काहीतरी केलं.

दुसरं उत्तर एका मुलाच्या काकांचं होतं. कुशाबाने वाचलं, "स्थळ चांगलं आहे. परंतु मुलाचे काका पंगतीत मठ्ठा पुरला नाही म्हणून आमच्या मोठीच्या लग्नातून उठून गेले होते."

काका जागेवर ताठ झाले. "कोण म्हणतो असं?"

"सर्व्हर म्हंतो."

"सर्व्हर कोण?"

"महाडचा हाय."

"कुणाचा?"

"आपल्या अनिशभाऊंचा."

काकांनी कोपऱ्यातल्या स्टुलाकडे बघितलं. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "पण उठला होतास ना रं तू?" आणि दुकानात जे सुरू झालं त्यात एक कोंबडी सुटली. एकजण हसत होता, एकजण भांडत होता, आणि ज्यांची उत्तरं अजून यायची होती ते हळूहळू पिशव्या उचलायला लागले होते.

याच वेळी अस्मिता दारात आली. अनिशनेच निरोप धाडला होता, की एकदा फक्त परत विचारा.

"कुशाबाकाका, आमच्या चौकशीचं काय झालं?"

"अस्मिता, जरा बाहेर..." अनिश स्टुलावरून उठला. त्याला आता कुठे समजलं होतं की आपण काय बांधलंय. पण कुशाबाने बटण दाबलं होतं आणि डोळ्यांसमोर आलेलं मोठ्याने वाचायचं नाही, हे त्याला गोदीत कुणी शिकवलं नव्हतं.

"मुलगी फटकळ आहे असं मुलानेच सांगितलं. घरात एक फटकळ आधीच आहे, त्याच्याने आम्ही दोघं थकलो. दुसरी झेपणार नाही." कुशाबा थांबला. "खाली लिवलंय, मुलाची आई."

मठ्ठावाले काकासुद्धा भांडण सोडून बघायला लागले. अनिशचा चेहरा असा झाला होता, की त्याच्याही कपाळावर 'अनेबल टू प्रोसेस' लिहून आलं असतं.

अस्मिताने पडद्याजवळ जाऊन ते स्वतः वाचलं. मग तिचे खांदे हलायला लागले. रडतेय असं वाटून कुशाबाने खुर्ची पुढे केली. ती हसत होती.

"सर, ही माझी स्तुती घरी तुम्ही केलीत?"

"मी... चांगल्या अर्थाने सांगितलं होतं."

"महाडची गाडी कधी आहे?"

"आत्ता लागेल."

"मी घरून एक वस्तू घेऊन येते. तुम्हीही चला. पण एक अट. तिथे एक शब्द बोलायचा नाही. काकूंनी पाणी हवं का विचारलं, तरी नाही."

"पण हवं असलं तर?"

"तरी नाही."

चंद्रभागाबाई पुढच्या पडवीत मोड आलेले वाल सोलत बसल्या होत्या. श्रीधरपंत आरामखुर्चीत पेपरामागे होते. अनिशच्या मागोमाग एक मुलगी आत आली, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "काकू, मी अस्मिता. पोलादपूरची."

चंद्रभागाबाईंच्या बोटांतून वाल सटकून पातेल्याबाहेर गेला.

अस्मिता समोर पाटावर बसली आणि वाल सोलू लागली. हात सराईत होता. "कुशाबाकाकांकडे गेले होते. आमच्या चौकशीचं उत्तर आलंय."

"काय आलं?" चंद्रभागाबाईंचा आवाज इतका बारीक झाला की श्रीधरपंतांनी पेपर खाली घेतला.

अनिशने तोंड उघडलं. अस्मिताने वालाची अर्धी रास त्याच्यापुढे सरकवली. "सोला," ती म्हणाली. मग चंद्रभागाबाईंकडे बघून, "पत्रिका जुळत नाही, असं आलंय."

चंद्रभागाबाईंनी सोडलेला श्वास स्वयंपाकघरापर्यंत ऐकू गेला असेल. "हो ना. पत्रिकाच, दुसरं काही नाही. तुझ्याबद्दल सगळं चांगलंच ऐकलंय. नोकरी, घराणं. पण पत्रिकेपुढे काय चालतं, ग?"

"तेच मी बाबांना म्हटलं. पत्रिकेपुढे काही चालत नाही." अस्मिताने पर्समधून घडी केलेला पिवळा कागद काढला. "पण आमच्याकडून ही द्यायचीच राहिली होती. म्हटलं, बघितल्याशिवाय नाही जुळली, तर बघून एकदा नीट न जुळू दे."

चंद्रभागाबाई त्या कागदाकडे बघत राहिल्या. नाही म्हणायला जागा नव्हती. ती मुलीने किती हळूच बंद केली, हेही त्यांना दिसत होतं. अनिशच्या तोंडाशी शब्द येऊन थांबले होते आणि तो वाल सोलत नव्हता, चिरडत होता.

अशात श्रीधरपंत बोलले. "जोशी समोरच राहतात," ते म्हणाले, आणि चपला घालायला उठले. त्या वर्षातलं त्यांचं हे सर्वांत मोठं भाषण होतं.

जोशांनी दोन्ही पत्रिका शेजारी ठेवल्या, बोटं मोजली, चष्मा पुसला आणि परत मोजली. "नाडी ठीक, गण ठीक, गुण भरपूर. अशी जुळणी क्वचित बघायला मिळते. अडलं होतं कुठे?"

यावर कुणी काही बोललं नाही. बोलण्याची बंदी फक्त अनिशवर होती, तरी.

निघताना चंद्रभागाबाईंनी अस्मिताला उंबऱ्याशी थांबवलं. "तिकडे खरं काय आलं होतं, ग?"

"पत्रिका, काकू."

त्या तिच्याकडे बघत राहिल्या. "फटकळ म्हणतात तशी दिसत नाहीस तू."

"आहे, काकू. पण दिवसभर नसते."

रविवारी अस्मिताचे वडील खेडला गेले नाहीत. ते महाडला आले.

सोमवारी गोदावरीबाई अनिशच्या क्लासवर आल्या. जिना चढून दम लागला होता, पण रागाला पुरेल इतका श्वास शिल्लक होता. "माझं लिहिलेलं भर बाजारात वाचलं जातंय? मठ्ठ्याचे काका माझ्या दारात येऊन बसलेत. मी कारण पोचव म्हटलं होतं, दवंडी पिटव नव्हतं म्हटलं."

अनिश म्हणाला, "बाई, पण कारण खरं होतं."

अस्मिता तिथेच होती, लग्नाची तारीख सांगायला आलेली. ती म्हणाली, "सर, पायरीवरचा फोटो बदलता येतो, म्हणून ते कारण पाठवायचं. काका बदलता येत नाहीत. ते कशाला पाठवायचं? खरं महाडला राहू दे. पोलादपूरला झेपेल तेवढंच पाठवा."

"म्हणजे तिकडे काय दाखवू?"

दोघी एकदम म्हणाल्या, "पत्रिका जुळत नाही."

त्या दिवशी अनिशने आयुष्यातलं पहिलं खोटं लिहिलं, आणि तेही स्वतःच्या हाताने, नवीन एक्सेप्शन म्हणून. ज्याला इलाज आहे ते कारण जसंच्या तसं जायचं. ज्याला नाही, त्याचं पत्रिका-एक्सेप्शन व्हायचं. लिहून झाल्यावर त्याने त्याच्यावर टीप घातली, की हा सर्व्हर प्रत्यक्षात पत्रिका बघत नाही. ही टीप फक्त त्यालाच दिसते. कुशाबाला हा बदल मुळीच आवडला नाही. "एवढा कोड लिवला, नि फिरून तिथंच आलात," तो म्हणाला.

लग्न झालं. मठ्ठा भरपूर ठेवला होता. काका शेवटच्या पंगतीपर्यंत बसले.

अस्मिता आणि चंद्रभागाबाई यांचं कसं होईल, या काळजीने अर्धी आळी पहिले काही महिने खिडकीत उभी होती. त्यांचं इतकं जमलं की काळजीच्या जागी निराशा आली. आता सकाळी अनिश क्लासला निघताना आतल्या खोलीतून विचारतो, "माझ्या शर्टाला इस्त्री का नाही केली? नेमकं कारण सांगा."

स्वयंपाकघरातून दोन आवाज येतात, एक म्हातारा आणि एक तरुण.

"पत्रिका जुळत नाही."

श्रीधरपंत पेपर वर धरतात. पेपर थोडा हलत असतो.